शेजारणीचा सल्ला

९ जानेवारी

ताई,

आईंची राखाडी शाल, गुडघ्याला लावायचं मलम आणि वाचायचा चष्मा खोक्यातून पाठवलं आहे. जायच्या घाईत ते राहूनच गेलं. चष्म्याची एक काडी सैल होती, ती लॅबमधल्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं घट्ट केली आहे. आईंना म्हणावं, आता वाचताना नाकावर बोट ठेवायला नको.

फोनच करणार होते. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. नको असेल तर ड्रॉवरमध्ये टाकता येतं आणि ते आतून वाजत बसत नाही.

लिहायचं कारण, मला तुमचे आभार मानायचे आहेत. हसू नका.

त्या दुपारी तुम्ही वाट वाकडी करून आमच्याकडे आलात आणि तुमच्याजवळच्या किल्लीनं दार उघडलंत, म्हणून निभावलं. आई बाथरूममध्ये अडकल्या होत्या. कडी जाम झाली होती. मी पलीकडच्या खोलीत कानात इअरफोन घालून मोबाइलमध्ये बसले होते. आई किती वेळ हाका मारत होत्या ते मला अजून माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं मला धाडस झालं नाही. तुम्ही गाडीतला पाना आणून कडी उचकटलीत, त्या आवाजानं मी बाहेर आले. आई बादली उलटी घालून तिच्यावर बसल्या होत्या. तुम्हाला बघून म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं कुणीतरी." जशा काही बसथांब्यावर होत्या.

आणि तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. गाडी शिकायला येणारी मोठमोठी माणसं तुमच्या शेजारी पहिल्याच वळणावर घामाघूम होतात. "आरसा मागचं बघायला दिलाय, भांग पाडायला नाही," असं तुम्ही एका बँकेच्या मॅनेजरला सुनावलेलं मी स्वतः ऐकलंय. त्या तुम्ही, गप्प. आईंचे कपडे भरलेत, त्यांना गाडीत बसवलंत आणि दारात वळून एवढंच म्हणालात, "तू वाईट नाहीस गं. तू घरात नसतेस."

तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते आणि दोघींची फिटंफाट झाली असती. तुम्ही माझ्याजवळ उत्तर द्यायला काही ठेवलंच नाहीत. आईंना नेलंत त्याबद्दल आणि त्या गप्प बसण्याबद्दल, दोन्हीबद्दल आभार.

आता चांगली बातमी. मी ते सगळं बंद केलं आहे. मोबाइल तुमच्या भावाच्या ताब्यात दिला. माझ्याकडे आता बटणांचा साधा फोन आहे. लॅब, घर, स्वयंपाक, झोप. हात थोडे रिकामे वाटतात, बाकी काही नाही. लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आई, आज तू वाक्य पूर्ण केलंस." मी म्हटलं, तुझ्या आत्याची कृपा.

कडी बदलली, हे आईंना सांगा.

तुमच्या धाकट्याची बायको


२ फेब्रुवारी

ताई,

खोकं पोचल्याचं तुमच्या भावाकडून कळलं. तुम्ही त्याच्याशी बोललात, आणि मध्येच "ती कशी आहे?" असंही विचारलंत म्हणे. तो काय म्हणाला असेल? "बरी आहे." तुमचा भाऊ दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त्या करतो आणि घरी आल्यावरही थोडा तिथंच असतो. त्याच्याकडून याहून जास्त निघत नाही. म्हणून मीच लिहिते.

मागच्या पत्रातलं "बंद केलं आहे" खरं नव्हतं. मोबाइल दिला होता, ते खरं. पण लॅबमध्ये एक कॉम्प्युटर आहे आणि तो कोपऱ्यात आहे. जेवायच्या सुट्टीत जायचे. मग सुट्टी संपल्यावरही जायचे. मग मेण गार होईपर्यंत, प्लॅस्टर वाळेपर्यंत. आमच्या कामात वाट बघायचे क्षण फार असतात.

उघडं कसं पडलं तेही सांगते, तुम्हाला हसू येईल. मी कवळ्या करते हे तुम्हाला माहीत आहे, पण कशा ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दवाखान्यातून जबड्यांची मापं येतात. त्यावरून आम्ही प्लॅस्टरचे जबडे करतो, वरचा आणि खालचा बिजागरीच्या एका चौकटीत बसवतो, आणि मेणात एकेक दात लावत जातो. ज्याचं तोंड, तो माणूस आम्हाला आयुष्यात दिसत नाही. तर मी मध्येमध्ये त्या कोपऱ्यात जाऊन येत होते आणि एका माणसाचा वरचा जबडा आणि दुसऱ्या कुणाचा खालचा असे एका चौकटीत बसवले. वर सगळे दातही लावले. सुंदर लावले.

आमच्याकडे एक ज्येष्ठ बाई आहेत. त्यांना सगळे साहेब म्हणतात, कारण मालकसुद्धा त्यांना भितो. साहेबांनी ती चौकट हातात घेतली, दोनदा उघडझाप केली आणि म्हणाल्या, "या वरच्या आजोबांची आणि खालच्या बाईंची ओळख तूच करून दिलीस का?"

सगळे हसले. मीही हसले. आणि मग रडू लागले आणि ते थांबेना.

साहेबांनी मला सामानाच्या खोलीत नेलं. पाणी दिलं. म्हणाल्या, "माझा भाऊ दारू सोडली म्हणायचा तेव्हा असाच तोंड दुसरीकडे करून म्हणायचा. चल, उद्या माझ्याबरोबर यायचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला समुपदेशक बाईंच्या दारापर्यंत सोडलं. पळून जाईन म्हणून बाहेर बसून राहिल्या. या जगात माझ्यावर किती लोकांनी किती वेळ घालवलाय, ताई. मला त्याची कल्पनाच नव्हती.

बाई वयानं माझ्या लेकीहून थोड्याच मोठ्या असतील. रोज किती तास, असं विचारतील म्हणून मी जरा कमी करून सांगायचा आकडा तयार ठेवला होता. त्यांनी तो विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "तिथं गेल्यावर तुम्ही कोण असता?"

कोण असते? तिथं मन मोकळं करायचा एक मोठा ग्रुप आहे. खरं नाव न सांगता माणसं आपली दुखणी लिहितात आणि बाकीचे उत्तरं देतात. मी उत्तरं द्यायचे. चांगली द्यायचे, ताई. माणसं माझी वाट बघायची. एक दिवस गेले नाही तर लिहायची, "कुठं होतात? काळजी वाटली." इकडे लॅबमध्ये दात कोरणारं मशीन आलं, आणि माझ्या हातांचं जे कौतुक होतं ते त्याच्याकडे गेलं. लेक नोकरीला लांब गेली. तुमचा भाऊ खड्ड्यात. "आज उशीर का झाला?" एवढंही विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

हे मी बाईंना सांगत होते आणि सांगतासांगता थांबले. कारण आई विचारायच्या. रोज विचारायच्या. उशीर का झाला, चेहरा का उतरलाय, चहा घेतेस का. मला ते विचारण्यात मोजायचं सुचलंच नव्हतं. अनोळखी माणसानं विचारलं की ती काळजी, आणि घरातल्यानं विचारलं की तो रोजचा आवाज, पंख्यासारखा.

त्या दुपारी मी काय करत होते तेही सांगून टाकते. एका मुलीचं घरात कुणी ऐकत नव्हतं. मी तिला लिहीत होते, "हाक मारत राहा. कुणीतरी ऐकेल."

बाईंनी उठून खिडकी उघडली.

माझं तिथलं नाव विचारू नका. ओशाळायला होतं. अजून अधूनमधून चुकते. पण आता चुकले की संध्याकाळी तुमच्या भावाला सांगते. तो "बरं" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधून मला घ्यायला येतो. त्याला बोलता येत नाही, येता येतं.

तुमची
भावजय


२८ फेब्रुवारी

ताई,

गेल्या रविवारी तुम्ही फोन लावून आईंच्या हातात दिलात, त्याचे आभार कसे मानू? तुम्ही स्वतः बोलला नाहीत, पण फोन लावणारं बोट तुमचंच होतं.

"कोण?" आई म्हणाल्या.

"मी, आई."

"मी म्हणजे? इथं पण एक मी आहे, दिवसभर मीमी करत असते."

मागून तुमचा आवाज आला, "आई, ऐकू येतंय मला." आणि मग आई मला म्हणाल्या, "बघ, हिला कसं लगेच ऐकू येतं." त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नसेल. म्हटलं असेल तर अगदी मापात बसलेला होता.

त्यांनी विचारलं, जेवलीस का? हो म्हटलं. काय जेवलीस? आणि मला सांगता आलं, ताई. एकेक पदार्थ. पूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मला ताटातलं आठवलं नसतं. मी जेवायचे ते एका हातानं, डोळे दुसरीकडे.

मग त्यांनी कवळीची तक्रार केली. "तुझी कवळी बोलताना टाळ्या वाजवते. मी एक शब्द बोलते, ती दोन बोलते."

"वजन उतरलंय तुमचं. हिरड्या बसल्या की ती सैल होते."

"ही म्हणते इथल्या डॉक्टरकडून नवी करू. मी म्हटलं, घरात सुतार असताना पाट विकत कशाला आणायचा?"

ताई, ते वाक्य मी दिवसभर जवळ बाळगलं.

तेव्हा विचारतेच. आईंना परत आणायला येऊ का? त्यांची खोली तशीच आहे. संध्याकाळी आम्ही दोघं आता टेबलाशी बसतो. बाईंकडे मी दर आठवड्याला जाते. मी पूर्ण बरी झाले असं लिहीत नाही. बाई म्हणतात, यात तो शब्द जपून वापरायचा. पण हाक मारली तर ऐकू येईल इतकी मी घरात असते.

तुम्ही त्यांना नेलंत तेव्हा तुमचं बरोबरच होतं. म्हणून आणायचं तेही तुम्हाला विचारूनच. मला त्या हव्या आहेत. एवढं सरळ मी कुणाला काही मागितल्याला बरीच वर्षं झाली.

तुमची
भावजय


२१ मार्च

ताई,

तुमचं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते मला आता कळलं आहे, आणि कसं कळलं ते सांगायला हे पत्र. आधी बसून घ्या. गाडीत वाचत असाल तर गाडी बाजूला घ्या.

बाई म्हणाल्या होत्या, त्या ग्रुपमधून दार आपटून पळून येऊ नका, निरोप घेऊन या. पळून आलेलं माणूस परत डोकावतं. म्हणून काल त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्या शेजारी बसलेल्या असताना मी तिथं गेले. चार ओळी लिहायच्या, खातं बंद करायचं आणि उठायचं. माझ्यासाठी निरोप साठून राहिले होते. त्यात एक जुन्या ओळखीच्या बाईंचा होता. त्यांचं तिथलं नाव "खिडकीजवळची".

आता तुमच्या लक्षात आलं असेल. ताई, तिथली "शेजारीण" मी आहे.

गेल्या वर्षी खिडकीजवळचीनं लिहिलं होतं. माझी आई भावाकडे असते. भावजय दिवसभर मोबाइलमध्ये. आई भिंतीशी बोलते. मी तोंड उघडलं तर भावाच्या संसारात खडा पडेल. काय करू? आणि मी, आई पलीकडच्या खोलीत असताना, उत्तर दिलं होतं. तुम्हाला पाठच असेल, पण मला लिहू द्या. "तिला समजावत बसू नका. अशी माणसं मान डोलावतात आणि परत तिथंच जातात. भांडू नका, टोमणे मारू नका. वेळ आली की आईला मुकाट्यानं आपल्याकडे घेऊन या."

लोकांनी केवढी वाहवा केली होती. मला त्या भावजयीचा इतका राग आला होता की मनात मी तिला चेहराही दिला होता, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईचा. त्या बिचारीचा काय दोष? तेव्हापासून मी तिच्याशी जरा तुटकच वागते. उद्या जाऊन काहीतरी विकत घेते.

म्हणजे तुम्ही त्या दिवशी गप्प राहिलात ते माझ्या सांगण्यावरून. पहिल्या पत्रात मी त्याबद्दल तुमचे एवढे आभार मानले, त्यातले निम्मे परत करा. नाही, राहू द्या. गप्प बसा म्हणून सांगायला काय जातं? तुमच्यासारख्या बाईनं गप्प बसायचं म्हणजे चालत्या गाडीतून उतरण्यासारखं. ते तुम्ही केलंत.

आता तुमचा नवा निरोप. तुम्ही लिहिलंत, सांगितलंत तसं केलं. बाथरूमच्या कडीचंही लिहिलंत, आणि तिथंच मला कळलं मी कुणाचं वाचतेय. मग लिहिलंत, आता भावजय पत्रं पाठवते. पहिल्यात खोटं होतं, दुसऱ्यात तिनं आपणच ते सांगितलं. आई तिची आठवण काढते. पाठवू का? तुम्ही सांगाल तसं करीन. मला विचारायला दुसरं कुणी नाही.

मला एक शब्द लिहायचा होता फक्त. तुम्ही तो मानला असता. आई रविवारी घरी असत्या. बाई शेजारी होत्या, पण त्यांना कसं कळणार? एक अनोळखी बाई विचारते, दुसरी सांगते. मी लिहिलंही, "पाठवा. ती खरंच बदलली आहे." बोट बटणापर्यंत नेलं.

आणि तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मला विचारायला दुसरं कुणी नाही.

मी ते पुसलं. बाईंना म्हटलं, "ही माझी नणंद आहे." बाईंनी पडद्यावरचा निरोप पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "तुम्हाला पाणी आणू की मला?"

मी लिहिलं, "हे मला विचारू नका. आईंना विचारा. मी कोण ते पत्रानं कळेल." आणि खातं बंद केलं. निरोपाच्या चार ओळी राहूनच गेल्या.

ताई, मला खिडकीजवळची फार आवडायची. शिकवण्या संपल्यावर ती रिकामी गाडी घेऊन दोन चकरा जास्त मारते, कारण दार उघडल्यावर घर फार शांत असतं. आपल्यावर कुणी रागावणारं उरलं नाही याचं तिला वाईट वाटतं. हे तिनं शेजारणीला लिहिलं होतं. मला वाटायचं, हिला एकदा भेटावं, हिच्याबरोबर चहा घ्यावा. आणि तुम्ही दर महिन्याला येत होतात. आपण समोरासमोर बसून चहा घेत होतो. तुम्ही म्हणायचात, साखर कमी आहे. मी म्हणायचे, घालते. तुमच्या घरातली शांतता मी कधी विचारली नाही, तुम्ही कधी सांगितली नाहीत.

मी तुम्हाला ठरवून फसवलं नाही. पण फसवल्यासारखं वाटलं तर त्यावर माझं काही म्हणणं नाही. आणि तो सल्ला चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. त्या भावजयीबद्दल आज कुणी विचारलं तरी तोच देईन. तुम्ही तो मानलात म्हणून मी इथवर आले. तुमचं ऋण कुठल्या नावानं मान्य करू तेवढं कळत नाही.

आईंना विचारा. त्या म्हणतील तसं. मी ते आनंदानं मानेन असं लिहीत नाही. मानेन.

शेजारीण, म्हणजे भावजय


१३ एप्रिल

ताई,

काल परतताना बसमध्ये जागा मिळाली, वेळेवर घरी पोचले.

तुमच्या पत्रात तीनच ओळी होत्या. "रविवारी ये. दातांचं सामान आण. बाकी तोंडावर बोलू." तीन ओळी मी तुमच्या भावाला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "रागावली असती तर लांबलचक लिहिलं असतं." हे त्याचं या वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण असावं. वर त्यानं आईंची मोठी बॅग माळ्यावरून काढून, पुसून दिली. त्यालाही आई याव्यात असं वाटत होतं.

आणि मग तुमच्या स्वयंपाकघरात आपण दोघी समोरासमोर, आणि बोलायला काही नाही. तिथं पानंच्या पानं लिहिणाऱ्या आपण, इथं साखरेचा डबा सरकवतोय. आई म्हणाल्या, "काय गं, दोघींची वाचा बसली का?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिथं तू जास्त शहाणी होतीस." मी म्हटलं, "तिथं तुम्ही जास्त गोड होतात." तुम्ही हसलात ते चहा नाकात जाईपर्यंत. मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आईंनी तुमच्या पाठीवर थापटलं आणि म्हणाल्या, "कशाला हसता ते मलाही सांगा." आपण दोघींनीही सांगितलं नाही. ते मात्र आता सांगायला हवं.

मग तुम्ही किल्ली उचललीत. "मी आईला अजून विचारलं नाही. तूच विचार. शेजारणीनंच सांगितलंय ना." आणि शिकवणीला निघून गेलात. रविवारी तुमच्या शिकवण्या नसतात, ताई. मला माहीत आहे.

तुम्ही नसताना काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

आमच्या डॉक्टरांना विचारून मी कवळीला आतून लावायचं मऊ अस्तर नेलं होतं. ते कालवून कवळीत भरायचं, कवळी तोंडात बसवायची आणि अस्तर घट्ट होईपर्यंत दात मिटून बसायचं. बोलायचं नाही. आई टेबलाशी बसल्या, दात मिटले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मी सगळं बोलले. कडीचं, हाकांचं, बाईंचं, शेजारणीचंही. तुमच्या भावानं बॅग पुसून दिली ते. घरी चला, म्हटलं. मी असते आता. आईंचे डोळे भरले, पण बिचाऱ्यांना "हं" म्हणायचीसुद्धा परवानगी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प केलं आणि त्याच वेळी पहिल्यांदा त्यांच्याकडे इतका वेळ बघितलं. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, इतरांपेक्षा लांब. तुम्हाला माहीत असेल. मला नव्हता.

मग मी कवळी काढून घेतली. कडेचं जास्तीचं अस्तर कापायचं होतं. दात माझ्या हातात होते आणि आई मोकळ्या झाल्या.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या.

माझी कात्री थांबली. "राग आहे माझा?"

"होता. बादलीवर बसले होते तोवर. पुढं कशाला ओढायचा? बादली तिथं, राग तिथं."

"मग?"

त्यांनी दाराकडे बघितलं, तुम्ही नाही याची खात्री केली. बिनदातांच्या तोंडानं, हळू, पण मला शब्द न शब्द कळला. "ती उभ्यानं जेवते गं. ओट्यापाशी, पातेल्यातूनच. मी आले त्या दिवशी बघितलं. इतकी वर्षं ती असंच जेवत असणार आणि मला पत्ता नाही. मी टेबलाशी बसले की तीही बसते. मला वाढते, मग स्वतःला घेते. मी एवढंच करते इथं. बसते. तुझ्याजवळ धाकटा आहे. तो बोलत नाही, पण बसतो तरी."

त्यांनी माझा गाल पुसला, स्वतःचा पुसायच्या आधी. "तू येत जा. मला दोघी हव्यात. आणि हिला यातलं काही सांगू नको. म्हणेल, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मी "हो, नाही सांगत" म्हटलं.

तुम्ही परत आलात तेव्हा रिकामी बॅग कोपऱ्यात बघितलीत आणि विचारलंत, "काय ठरलं?" मी म्हटलं, "आई इथंच राहतायत." "का?" "त्यांनाच विचारा." आणि बसच्या नावाखाली निघाले, कारण माझा चेहरा मला आवरणार नव्हता. तुम्हाला वाटलं असेल, मी दुखावून गेले. तसं नाही. थोडं आहे, पण तसं नाही.

मी आईंना परत मागत होते ते माझ्यासाठी, ताई. त्या घरात असत्या तर मला रोज दिसलं असतं की मला माफ केलंय. त्यांनी माफ केलंय ते बादलीपाशीच, आणि पुढच्या कामाला लागल्यात. एवढं मोठं काम त्यांना सापडलंय याचं मला बसमध्ये इतकं बरं वाटलं की शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला. मी तिला "आभारी आहे" म्हटलं. हे मी हल्ली फार म्हणते. म्हणायची सवय नव्हती, आता सुटत नाही.

घरी आले तेव्हा तुमचा भाऊ दारात उभा होता. त्यानं रिकामी बॅग बघितली, माझ्या हातातून घेतली. मी सगळं सांगितलं. त्यानं बॅग माळ्यावर ठेवली. मग त्यानं विचारलं, "किती वर्षं उभ्यानं जेवतेय ती?" मला उत्तर माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. पुढच्या वेळी तोही येणार आहे. खड्ड्यातून वर काढायला कुणी लागलं नाही, आपण होऊन म्हणाला.

आईंना मी "नाही सांगत" म्हटलं, ते त्यांचे दात माझ्या हातात होते आणि मला वाद घालायचा नव्हता म्हणून. पण मी आता तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे, आणि त्यातून आईंनाही सूट देता येणार नाही. तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. त्या बसल्या की तुम्ही बसा, एवढंच.

रविवारी येतो. चार ताटल्या मांडा.

तुमची
भावजय